आधुनिक व्हिएतनामी रेस्टॉरंटमध्ये जेवलंय का कुणी? (हनोई / सायगाव)

पावशेर

गेल्या महिन्यात आम्ही दोघं नऊ दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. हालाँग बेचे फोटो सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे प्रवासवर्णन लिहीत नाही. एका जेवणाबद्दल लिहायचंय. ते जेवण कधीच पचलं, पण डोक्यातून जात नाहीये.

हनोईतली शेवटची रात्र, बायकोचा वाढदिवस. आठवडाभर गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून खाल्लं होतं, म्हटलं आज जरा पाठ टेकवायला मिळेल अशा ठिकाणी जाऊ. फ्रेंच काळातलं पिवळं घर, आत मंद दिवे, आठ पदार्थांचा ठरलेला मेनू. निवड आपली नाही, शेफ पाठवेल ते खायचं.

तिसरा पदार्थ आला 'बुन चा'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, तांदळाच्या बारीक शेवया, परडीभर कच्चा पाला आणि आंबटगोड खारट पाणी. हनोईकर दुपारी खातात. २०१६ साली ओबामा हनोईत टीव्हीवरच्या अँथनी बोर्डेन या शेफबरोबर बसून जेवले ते हेच. इथे मात्र शेवया दाबून त्यांची चौकोनी वडी केली होती, वर मांसाचा एक तुकडा, त्यावर कच्च्या पपईची शर्टाच्या बटणाएवढी चकती, आणि ते पाणी? त्याची जेली! पिवळसर, थरथरणारी, तिच्यात मिरचीचा एकच लाल ठिपका. वर पुदिन्यासारखं एक पान, तेही बहुधा चिमट्याने ठेवलेलं. वाढणारा मुलगा नम्रपणे म्हणाला, "एका घासात."

खाल्लं. चव उत्तम, खोटं कशाला बोलू. पुढे चहाच्या कपात फो (गोमांसाच्या रश्शातल्या शेवया) आला, म्हणजे शेवया नाहीत, नुसता रस्सा, समोर किटलीतून ओतलेला, तळाचं नक्षीकाम दिसेल इतका नितळ. दालचिनी आणि भाजलेल्या आल्याचा वास नाकात शिरला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. शेवटी अंड्याच्या कॉफीचं आइस्क्रीम.

दुसऱ्या दिवशी विमानाआधी दुपारी एका गल्लीत खरं बुन चा खाल्लं. मी भांबावून सगळं वेगवेगळं खात होतो. दुकानाच्या मालकीणबाईंना ते बघवेना. त्यांनी माझ्याच हातातल्या चॉपस्टिक घेतल्या, शेवयांचा एक झुपका वाडग्यात बुडवला, दोन पानं फाडून टाकली, लसणाचा व्हिनेगर ओतला आणि चॉपस्टिक परत दिल्या. पहिला घास खारट लागला. मग शेवया वाढवल्या, पाला वाढवला, मिरची टाकली. अर्ध्यावर आलो तेव्हा वाडग्यात जे होतं ते माझं होतं. बायकोच्या वाडग्यातलं निराळं लागत होतं.

तर माझं म्हणणं असं, की या खाण्यात शेवटचा हात खाणाऱ्याचा असतो. गुंडाळायचं त्यानं, बुडवायचं त्यानं, पाला किती टाकायचा ते त्यानं ठरवायचं. 'एका घासात' म्हटलं की तो हातच गेला. मग राहिलं ते व्हिएतनामी म्हणायचं का? जेवून आलेल्यांनी सांगा.

---

उंबरठा

ते सगळं ठीक. बिल किती झालं?

---

पावशेर

वाटलंच होतं कुणीतरी विचारणार. माणशी २१ लाख डाँग. मेनूवर आकड्यापुढे बारीक अक्षरात ++ होतं, ते मी सजावट समजलो. पहिला अधिक म्हणजे ५ टक्के सेवाशुल्क, दुसरा म्हणजे ८ टक्के व्हॅट, आणि तो सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर. दोघांचे मिळून ४७,६२,८०० डाँग, त्यातही आम्ही दारू घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशीचं बुन चा प्रत्येकी ६० हजार.

जाता जाता: २० हजाराची आणि ५ लाखाची, दोन्ही नोटा निळसर आहेत. मंद दिव्यात बिल भरताना डोळ्यांत तेल घालून बघा.

---

रानजाई

पावशेर, लिहिलंय छान, पण निष्कर्षाची घाई केलीत. मी तीन वर्षं सायगावात राहिले आहे (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, तिथले लोक बोलताना सायगावच म्हणतात), म्हणून थोडं भांडते.

'खरं' व्हिएतनामी म्हणजे नेमकं कधीचं? फोचं वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं. हनोई आणि नाम दिन्हच्या आसपास जन्मलेला पदार्थ. बैल नांगराला जुंपायचा, खायला नव्हे. फ्रेंच आले, गोमांसाची मागणी वाढली, हाडं उरायला लागली, त्यांचा रस्सा झाला. बान मीचा (तिथलं सँडविच) पाव फ्रेंचांचा. तुमची अंड्याची कॉफी १९४६ ची: हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान जांग यांनी दुधाचा तुटवडा होता म्हणून अंड्याचा बलक फेसून कॉफीवर घातला. आज आपण तिला 'पारंपरिक' म्हणतो. तेव्हा कुणीतरी नाक मुरडलं असणारच.

आणि शेवटचा हात खाणाऱ्याचा, हे उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या रस्त्यावरच्या खाण्याला लागू. मध्ये हुए आहे. १८०२ ते १९४५ न्गुएन राजघराण्याची राजधानी. तिथलं बान बेओ बघा: बशीएवढीही नाही अशा वाटीत तांदळाच्या पिठाची पातळ चकती, वर सुकवलेल्या कोळंबीचा भुगा. एका वेळी दहा-बारा वाट्या समोर येतात. चिमटा नव्हता, पण एका घासाचा हिशेब होताच.

तिसरं. मिशेलिनवाल्यांनी (रेस्टॉरंटांना तारे देतात ते) जून २०२३ मध्ये व्हिएतनामची पहिली यादी काढली. चार ठिकाणांना एकेक तारा मिळाला, तीन हनोईत, एक सायगावात. हनोईतलं 'जिआ' तुम्ही वर्णन केलंत त्या जातीचं, ऋतूप्रमाणे मेनू बदलणारं. एक तर चक्क जपानी, तेप्पान्याकीचं (समोरच्या गरम तव्यावर भाजून देतात ते). आणि तिसरं 'ताम वी', तिथे उत्तरेकडचं घरचं जेवण मिळतं. मध्ये भात, भोवती मासा, भाजी, पातळ सूप, सगळ्यांनी मिळून एकाच ताटलीतून घ्यायचं. तारा त्यालाही मिळाला. म्हणजे भारी रेस्टॉरंट म्हटलं की जेली आलीच, असं नाही.

---

दुपारचीझोप

मिशेलिन म्हणजे टायरवालेच ना?

---

रानजाई

हो. तेच.

---

तळटीप

शाकाहारी माणसाची बाजू कुणी मांडेल असं वाटत नाही, म्हणून मीच लिहितो.

रस्त्यावरच्या खाण्याचे गोडवे गाताय, पण माझं घोडं तिथेच अडतं. 'भाजीचं' म्हणून दिलेल्या प्रत्येक गोष्टीत माशाचं पाणी (नुक माम). परतलेल्या पालेभाजीतही. उत्तरेत फोच्या रश्शात गोडी यावी म्हणून 'सा सुंग' घालतात, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतले वाळवलेले किडे. हे मला दोन चमचे पिऊन झाल्यावर कळलं.

त्यात भाषा. शाकाहाराला शब्द आहे 'चाय'. 'तोई आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खातो. आता हनोईत चहाला म्हणतात 'चा', सूर खाली उतरवून. आणि तोच 'चा' सूर खाली नेऊन परत वर उचलला की बुन चातला चा, डुकराच्या मांसाच्या वड्या! मी पहिल्या दिवशी एका दुकानात ठसक्यात 'चाय' म्हटलं. पोरीने दोनदा विचारलं, मी दोनदा मान डोलावली. समोर काय आलं ते सांगायला नको.

सुटका दोन ठिकाणी होते. एक, 'क्वान चाय' पाटी असलेली शाकाहारी दुकानं. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, मांस टाळतात. त्या दिवशी या दुकानांत बसायला जागा नसते. आणि दुसरी, ज्याला पावशेर नावं ठेवतायत ती आधुनिक रेस्टॉरंटं. दोन दिवस आधी कळवलं तर पूर्ण वेगळा मेनू करतात. मी सायगावात सात पदार्थ जेवलो, एकाही घासाला धाकधूक नाही. मशरूम आणि अननसाचं आंबवलेलं पाणी नुक मामच्या जागी. शेवटचा हात कुणाचा याच्याशी मला काय करायचंय, मधल्या हातांनी काय टाकलं ते कळलं म्हणजे पुरे.

तरी त्यांनीही एकदा घाबरवलंच. एका ताटलीत हृदयाच्या आकाराचं पान होतं. चावलं तर कच्च्या माशाचा वास! मी ताटली बाजूला सारली. वाढणारी मुलगी हसत आतून अख्खी जुडी घेऊन आली. 'झिएप का' नावाचा पालाच आहे तो, 'का' म्हणजे मासा. वनस्पतीने इतका दगा द्यावा?

---

उंबरठा

@तळटीप, हसून हसून पोटात दुखलं. फोचा उच्चारही 'फो' नाही ना?

---

तळटीप

नाही. 'फऽअ', आणि प्रश्न विचारल्यासारखा सूर. त्या सुराचं नावच 'होई', म्हणजे विचारणं. मी अजून विचारतोच आहे.

---

तिखटमीठ

पावशेर यांचा मुद्दा मला पटतो, पण कारण वेगळं वाटतं. स्वयंपाकाच्या अंगाने बघा.

बुन चाचं ते पाणी कोमट असतं, गार नाही. मुद्दाम. डुकराच्या पोटाकडचं मांस चरबीचं, ते कोळशावरून थेट त्या पाण्यात पडतं. पाणी कोमट असल्यामुळे चरबी गोठत नाही, धुराचा वास पाण्यात उतरतो, आणि ते पाणी शेवया पितात. तीन गोष्टी एकमेकींत मुरतात. जेली केली की ती गार ठेवावी लागते. ती तोंडात विरघळेपर्यंत शेवया आणि मांस गिळून झालेलं असतं. चव तीच, पण गाठ पडत नाही. तेव्हा दोष आधुनिकतेचा नाही, तो पदार्थच जेलीला नकार देणारा आहे.

उलट फोचा रस्सा कपात का जमला? कारण फो मुळातच शेफचा. हाडं कित्येक तास मंद आचेवर, कांदा-आलं जाळून, चक्रीफूल, दालचिनी, मोठी वेलची, फेस सतत काढायचा. खाणाऱ्याने करायचं ते शेवटी लिंबू-मिरची, आणि हनोईत तर तेही बेतानेच. सायगावात सोबत पाल्याचं ताट, मोड आलेले मूग, काळा गोड सॉस येतो. हनोईच्या जुन्या माणसाला तो सॉस वाडग्यात ओतताना दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. म्हणजे हात किती चालवायचा हे त्यांच्यातही ठरलेलं नाही.

नुक मामचं राहिलंच. पारंपरिक पद्धतीत दोनच गोष्टी: बारीक चंदेरी मासे (अँकोव्ही) आणि मीठ, साधारण तीनास एक. फू क्वोक बेटावर माणूस बुडेल एवढ्या लाकडी पिंपांत वर्षभर, कधी त्याहून जास्त मुरवतात. बाटलीवर ३०, ४० असे आकडे असतात, ते लिटरमागे नायट्रोजनचे ग्रॅम. आकडा मोठा तेवढा रस दाट आणि खोल. २०१२ मध्ये युरोपीय संघाने फू क्वोकच्या नावाला संरक्षण दिलं. ही ४० वाली नुक माम नव्या रेस्टॉरंटांत कॅरॅमलमध्ये घालतात, आइस्क्रीमवर दोन थेंब टाकतात. ते मात्र जमतं बरं का. साखर जाळल्यावर जो कडवटपणा येतो त्याला तो खारटपणा धरून ठेवतो.

---

दुपारचीझोप

हे सगळं गोऱ्या पर्यटकांसाठी असतं हो. तिथला माणूस कशाला जाईल २१ लाख डाँग घालवायला?

---

रानजाई

जातो. सायगावात अशा ठिकाणी शनिवारी बघा, निम्मी टेबलं तिथल्याच लोकांची. वाढदिवस, बढती, मुलाची होणारी बायको पहिल्यांदा घरच्यांना भेटतेय. 'आनान' नावाचं रेस्टॉरंट २०१७ मध्ये पीटर कुओंग फ्रँकलिन यांनी काढलं, सायगावातला २०२३ चा एकुलता तारा तोच. ते जुन्या बाजाराच्या गल्लीत आहे. खाली भाजी आणि मासळीचे ठेले, ओल्या रस्त्यावरून चपला वाजवत जायचं. माझ्या ऑफिसमधली पंचविशीतली मुलं पगार झाला की अशा ठिकाणी जाऊन फोटो काढायची आणि घरी जाताना कोम ताम (तुकडा तांदळाचा भात) खायची. दोन्हीत त्यांना विरोध दिसत नव्हता.

आता एक प्रसंग सांगते, तो मात्र पावशेर यांच्या बाजूने जातो, नाइलाज आहे.

आमच्या घरमालकीणबाईंच्या आईला ऐंशी पूर्ण झाली म्हणून सगळं कुटुंब एका नव्या चकचकीत ठिकाणी गेलं, मलाही नेलं. सुरुवातच अडखळली. तिथे जेवायच्या आधी लहानांनी मोठ्यांना 'मोई' म्हणायचं असतं, आजी मोई, बाबा मोई, म्हणजे जेवायला सुरुवात करा. मध्ये सामाईक ताटल्या असतात तेव्हा ते शोभतं. इथे प्रत्येकापुढे वेगळी ताटली आली, त्यात एकच शिंपला. नातू 'मोई' म्हणाला, आजीने शिंपला उचलला आणि सवयीने नातवाच्या ताटलीत ठेवला. नातवाने तो आईच्या ताटलीत. आईने माझ्या, कारण पाहुणी मी. मी परत आजींच्या. वाढणारा मुलगा बाजूला उभा राहून 'यात खालच्या थरापासून वर खायचं' असं सांगायचा प्रयत्न करत होता, आणि शिंपला टेबलाला प्रदक्षिणा घालत होता.

चौथ्या पदार्थाला आजींनी हाक मारली, "एम ओई!" (एम म्हणजे धाकटं भावंड, वयाने लहान वेटरला असंच बोलावतात. बाकी सगळं रेस्टॉरंट तोवर इंग्रजीत कुजबुजत होतं.) आणि म्हणाल्या, नुक माम आणि मिरची आण. तो गडबडला, आत गेला. आम्हाला वाटलं आता शेफ रागावणार. दोन मिनिटांनी छोटी वाटी आली, नुक मामवर लाल मिरचीचे ताजे काप तरंगत होते. मग शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनीही मागवली.

---

तिखटमीठ

शिंपल्याची प्रदक्षिणा! रानजाई, हे आधी सांगायचं सोडून राजघराणं कशाला काढलंत?

---

सांजवात

लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, मार्चमध्ये जाणार आहोत. शेंगदाण्याचा कूट सगळ्यावर असतो असं ऐकलंय. रेस्टॉरंट बरं की रस्ता?

---

रानजाई

सांजवात, रस्त्यावर नको, किंवा फार जपून. कूट शेवटच्या क्षणी भुरभुरवतात, सवयीचा हात असतो, सांगूनही पडतो. शिवाय बुडवून खायच्या सॉसमध्ये, तळणाच्या तेलात. नुसतं 'नको' म्हणू नका, तब्येतीला धोका आहे असं व्हिएतनामीत लिहून घेऊन दाखवा. शब्द बदलतो: उत्तरेत शेंगदाण्याला 'लाक', दक्षिणेत 'दाऊ फोंग'. हनोईत पाठ केलेलं सायगावात चालेलच असं नाही. आधुनिक ठिकाणी आरक्षण करतानाच विचारतात. औषध मात्र जवळ ठेवाच.

---

उंबरठा

मधल्या दर्जाच्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) टेबलावर बसताच ओले रुमाल आणि शेंगदाण्याची बशी ठेवली. आम्ही ताव मारला. बिलात दोन्ही लावलेले! भांडलो तर म्हणाले, पाकीट फोडलंत. नंतर कळलं की ही तिथली रीतच आहे, रुमालाचं पाकीट न फोडता परत दिलं की पैसे लागत नाहीत. रक्कम किरकोळ होती, पण पारा चढला तो चढलाच.

आणि स्कूटर भाड्याने घेऊन जेवायला जाणार असाल तर बिअर विसरा. जानेवारी २०२० पासून चालवणाऱ्याच्या शरीरात दारूचं प्रमाण शून्य हवं असा नियम आहे. शून्य म्हणजे शून्य.

---

पावशेर

धाग्याने चांगलीच फिरकी घेतली. तिखटमीठ यांचं जेलीचं कारण वाचून 'गाठ पडत नाही' हा शब्द सापडला, तेच मला म्हणायचं होतं आणि सुचत नव्हतं. रानजाई, फो-पाव-कॉफी मान्य. हुएला मी गेलोच नाही, त्यामुळे तिथल्या वाट्यांबद्दल गप्प बसतो. पण आजींनी मागवलेली वाटी माझ्या बाजूची धरतो.

बायकोने धागा वाचला. तिचं मत वेगळंच आहे. म्हणते, तुला जेली आवडली नाही कारण तुला प्रत्येक पदार्थात काहीतरी घालायचं असतं. मला कपातला फो सगळ्यात आवडला, कारण त्यात तुला काही घालता आलं नाही.

मेव्हणा नोव्हेंबरात सायगावला चाललाय. त्याला या धाग्याची लिंक पाठवली, म्हटलं वाच आणि जुन्या बाजारातलं ते रेस्टॉरंट ठरव. अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं: "वाचलं. बान मी कुठे बरा मिळतो तेवढं विचार."

---

रानजाई

हॉटेलातून बाहेर पडा, डावीकडे किंवा उजवीकडे वळा.